त्या मुलीला उद्याच भेटा, कार्यक्रमाचं नंतर बघू

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते. यंदा शाळेच्या आरोग्य कार्यक्रमाची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. स्थानिक आरोग्य विभागाचं पत्र आहे की सहावी ते दहावीच्या मुलांसाठी वर्षभरात प्रतिबंधात्मक उपक्रम घ्या आणि अहवाल पाठवा. मागच्या वर्षी व्यसनमुक्तीवर व्याख्यान झालं, सगळ्या मुलांनी हात पुढे करून शपथ घेतली, फोटो काढले. दोन महिन्यांनी स्वच्छतागृहात सहा मुलांकडे व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, सापडले. त्यातले दोघे शपथेच्या वेळी पहिल्या रांगेत होते. मुख्याध्यापकांना वाटतं की चित्रफीत पुरेशी भीतिदायक नव्हती. यंदा आणखी जहाल दाखवू, आणि त्या सहा जणांचं वेगळं शिबिर घेऊ. मला मानसिक आरोग्यावर काही करायचं होतं, तर काही पालक म्हणाले की नसते विचार मुलांच्या डोक्यात घालू नका. लशीची संमतीपत्रकं वाटली, निम्मी परतच आली नाहीत. माझ्या हातात आठवड्याला एक तासिका आहे. मी डॉक्टर नाही, समुपदेशकही नाही. काय करू? आणखी एक. परवा आठवीतली एक मुलगी वर्ग सुटल्यावर थांबली आणि म्हणाली, ‘बाई, तुम्हाला काही सांगितलं तर तुम्ही घरी सांगाल का?’ मला उत्तर सुचलं नाही. घंटा झाली आणि ती गेली.

— एक शिक्षिका

उत्तर :

ताई,

तुम्ही शेवटी लिहिलंत, ते मी आधी घेते. कार्यक्रम महिनाभर पुढे गेला तरी चालेल. ती मुलगी मात्र उद्यापर्यंतच थांबेल, परवाचं सांगता येत नाही. मुलं असा प्रश्न विचारतात तेव्हा बहुतेक वेळा ती दार किलकिलं करून बघत असतात. तुम्ही गप्प राहिलात याचा अर्थ तिने काय लावला असेल कोण जाणे. म्हणून तुम्ही स्वतःहून तिच्याकडे जा. चारचौघांत बोलावू नका. वह्या उचलायला मदत हवी आहे असं काहीतरी साधं निमित्त पुरे.

आणि तिला खरं उत्तर द्या. ‘कुणाला सांगणार नाही, वचन देते’ असं म्हणायचा मोह होईल. म्हणू नका, कारण ते वचन मोडावं लागलं तर ती पुन्हा कुठल्याच मोठ्या माणसाकडे जाणार नाही. मी मुलांशी बोलताना साधारण असं म्हणते : ‘तू सांगशील ते मी वर्गात बोलणार नाही, शिक्षकांच्या खोलीतही बोलणार नाही. पण तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे, किंवा कुणी तुला त्रास देतंय असं दिसलं, तर मला एकटीला ते पेलणार नाही. मग मदत करू शकेल अशा माणसाला मला सांगावं लागेल. पण तसं करण्याआधी तुला सांगेन, आणि कुणाला, कसं सांगायचं ते आपण दोघी मिळून ठरवू.’ एवढं ऐकल्यावर बहुतेक मुलं बोलतात. वचनातली अट त्यांना खटकत नाही, फसवणूक खटकते. त्रास घरातूनच असेल, तर ‘घरी सांगणं’ हा उपाय नव्हे. तेव्हा बालसंरक्षणाचं काम बघणाऱ्या यंत्रणेकडे जायचं. त्या यंत्रणेचं नाव, नंबर आणि कळवण्याची रीत आजच शोधून ठेवा, मुलीशी बोलण्याआधी.

तिच्या बोलण्यातून जगणं नकोसं झाल्याचा नुसता वास जरी आला, तरी सरळ विचारा : ‘जीव द्यावा असं मनात येतं का?’ हे शब्द उच्चारायला जड जातात. मलाही पहिल्यांदा गेले होते. विचारल्याने विचार मनात शिरतो हा समज फार खोलवर रुजला आहे, पण तो चुकीचा आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या 2,342 शाळकरी मुलांवर केलेला एक अभ्यास 2005 साली प्रसिद्ध झाला. निम्म्या मुलांना आत्महत्येबद्दल प्रश्न विचारले होते, निम्म्यांना नाही. विचारलेल्या मुलांची अस्वस्थता वाढली नाही, तसे विचारही वाढले नाहीत. उत्तर ‘हो’ आलं, तर तिला एकटी सोडू नका, आणि त्याच दिवशी तिला समुपदेशक किंवा डॉक्टरांपर्यंत स्वतः घेऊन जा.

आता तुमच्या कार्यक्रमाकडे वळते.

वीसेक वर्षं मी शाळांमधून आरोग्य तपासणीचं आणि असल्याच कार्यक्रमांचं काम केलं. एक दुपार मला विसरता येत नाही. सभागृहात पडद्यावर काळ्या पडलेल्या फुप्फुसाचं चित्र आलं. मागच्या बाकांवरून ‘ईऽऽ’ असा ओरडा झाला, पाठोपाठ हशा. तिसऱ्या रांगेत एक मुलगा मान खाली घालून बुटाची नाडी सोडत होता आणि पुन्हा बांधत होता, सोडत होता, बांधत होता. त्याचे वडील त्याच दुखण्याने घरी खोकत पडले होते. हे त्याच्या वर्गशिक्षिकेला माहीत होतं, आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं, आणि आम्हीही विचारलं नव्हतं. ज्यांना भीती घालायची होती ते हसले, आणि ज्याला आधाराची गरज होती त्याला आम्ही अर्धा तास छळलं. अहवालात मी ‘उत्स्फूर्त प्रतिसाद’ असं लिहिलं. ते मला आजही बोचतं.

भीती घालून प्रतिबंध होतो की नाही, हे तपासून झालेलं आहे. 1970च्या दशकात अमेरिकेत वाट चुकू लागलेल्या मुलांना तुरुंगात नेऊन, कैद्यांकडून दरडावून घाबरवण्याची पद्धत निघाली. पुढे अशा कार्यक्रमांच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तर तुरुंग दाखवलेल्या मुलांकडून गुन्हे अधिकच घडले होते. काहीच केलं नसतं तर बरं झालं असतं! 1983 साली लॉस एंजेलिसमध्ये दुसरा एक कार्यक्रम सुरू झाला. त्यात गणवेशातले पोलीस वर्गात येऊन अमली पदार्थांविषयी धडे देत. ‘डेअर’ नावाचा हा कार्यक्रम जगभर पसरला. पालकांना आवडला, शाळांना आवडला, पोलिसांनाही आवडला. मुलांच्या वागण्यावर मात्र त्याचा लक्षात घ्यावा असा परिणाम एकामागून एक अभ्यासांत दिसलाच नाही. शेवटी त्याचा अभ्यासक्रम बदलावा लागला.

का होतं असं? तेरा वर्षांच्या मुलाला चाळिसाव्या वर्षी होणारा कर्करोग म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी आयुष्यातली गोष्ट. त्याला आजची मधली सुट्टी पार पाडायची असते, आणि त्या सुट्टीत कुणासोबत उभं राहायचं हा त्याच्यापुढचा खरा प्रश्न असतो. त्यातून आपण मंचावरून ‘हल्ली मुलं फार बिघडली आहेत, सगळेच ओढतात’ असं म्हणतो आणि नकळत त्याला सांगतो की तूच तेवढा मागे राहिलास. तुमचे ते दोघे शपथ घेताना खोटं बोलत होते असं मला वाटत नाही. त्या क्षणी ते खरंच बोलले असतील. पण शपथ घेताना शेजारी शिक्षक होते आणि स्वच्छतागृहात शेजारी मित्र होते.

मुख्याध्यापकांचा हेतू चांगला आहे, पण ते शिबिर होऊ देऊ नका. इथे मी आग्रह धरते. अमेरिकेत बॉस्टनजवळ 1939 साली 506 मुलग्यांवर एक मोठा प्रयोग सुरू झाला. सारख्या परिस्थितीतल्या मुलांच्या जोड्या लावल्या आणि प्रत्येक जोडीतल्या एकाला वर्षानुवर्षं समुपदेशकाची सोबत, अभ्यासात मदत, उन्हाळी शिबिरं असं सगळं दिलं. कामात प्रेम होतं, पैसा होता, सातत्यही होतं. तीस वर्षांनी जोन मॅककॉर्ड या संशोधिकेने त्या सगळ्यांचा माग काढला. मदत मिळालेल्यांपैकी दोन तृतीयांश पुरुष म्हणाले की आमचं भलं झालं. नोंदी मात्र उलट सांगत होत्या : दारूचं व्यसन, पुन्हा पुन्हा गुन्हे, लवकर मृत्यू, या बाबतींत त्यांची स्थिती जोडीतल्या, मदत न मिळालेल्या मुलांपेक्षा वाईट होती. पुढच्या विश्लेषणात दिसलं की नुकसान मुख्यतः वारंवार उन्हाळी शिबिरांना पाठवलेल्या मुलांचं झालं होतं. वाट चुकू लागलेली मुलं एकत्र ठेवली की ती एकमेकांच्या फुशारक्या ऐकतात, त्यावर हसतात, आणि ते हसणं हीच शाबासकी ठरते. तुमच्या शिबिरात त्या सहा जणांची टोळी पक्की होईल आणि बाकी शाळेत त्यांच्यावर शिक्का बसेल, तो वेगळाच.

मग त्यांचं काय करायचं? एकेकाशी वेगळं बोला. पहिला प्रश्न ‘का ओढलंस’ हा नको. ‘ओढलं नाही तर दिवसभर कसं वाटतं?’ हे विचारा. व्हेपमध्ये बहुतेक वेळा निकोटीन असतं, आणि ती नुसती वाफ आहे असं मुलांना मनापासून वाटतं. निकोटीनची सवय वाढत्या वयात लवकर जडते. सकाळी उठल्याउठल्या तलफ येणं, चिडचिड, डोकं दुखणं, वर्गात लक्ष न लागणं ही लक्षणं असतील, तर त्या मुलाला शिक्षा देऊन उपयोग नाही, उपचार हवेत; आरोग्य विभागाकडे त्याला पाठवायची सोय आहे का ते विचारा. शाळेतून काही दिवस काढून टाकण्याची शिक्षा तर सगळ्यांत वाईट, कारण रिकामा वेळ आणि तुटलेलं नातं या दोन्ही गोष्टी आपणच त्याच्या हातात देतो. शाळेत आपलं कुणीतरी आहे असं वाटणारी मुलं व्यसनांपासून, हिंसेपासून, नैराश्यापासूनही तुलनेने सुरक्षित राहतात, हे वेगवेगळ्या देशांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. त्या सहा जणांना खेळाच्या संघांत, नाटकात, प्रयोगशाळेच्या कामात बाकीच्या मुलांत विखरून घ्या.

चांगलं उदाहरण म्हणून मी नेहमी आइसलँडचं सांगते, कारण तिथे स्थानिक लोकांनी धीराने काम केलं. 1998 साली तिथल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी 42 टक्के मुलं गेल्या महिन्याभरात दारूच्या नशेत गेली होती आणि 23 टक्के रोज सिगारेट ओढत होती. 2016पर्यंत हे आकडे 5 आणि 3 टक्क्यांवर आले. तिथे काय केलं, तर मुलांना दटावणं कमी केलं आणि मुलांच्या भोवतालचं बदललं. शाळा सुटल्यावर खेळ, संगीत, नृत्य शिकायच्या सोयी उभ्या केल्या आणि त्यासाठी कुटुंबांना आर्थिक मदत दिली. पालकांना एकत्र आणून, मुलं रात्री किती वाजता घरी असावीत यावर एकमत घडवलं, कायद्यानेही त्याला पाठबळ दिलं. 1997 ते 2012 या काळात, आठवड्याच्या दिवसांत आईवडिलांसोबत बहुतेकदा वेळ घालवणाऱ्या मुलांचं प्रमाण 23वरून 46 टक्के झालं. हे सगळं पाहणीवर उभं होतं : शाळाशाळांतून मुलांना निनावी प्रश्नावली द्यायची, निकाल काही महिन्यांतच त्याच गावाला, त्याच शाळेला परत द्यायचे, लोकांनी ते बघून ठरवायचं, आणि पुन्हा पाहणी करायची.

त्यांचा संध्याकाळचा नियम किंवा त्यांची मदत तुम्हाला उचलून आणता येणार नाही. पाहणी आणता येईल. तुम्ही गणिताच्या शिक्षिका आहात, डॉक्टर नाही म्हणून कमी लेखू नका स्वतःला. या कामात मोजणारं माणूसच नेहमी कमी पडतं. आरोग्य विभागाची मदत आणि मंजुरी घ्या, पालकांना आधी कळवा, आणि पंधरा-वीस प्रश्नांची एक प्रश्नावली करा. रात्री किती वाजता झोपतोस? गेल्या 30 दिवसांत किती दिवस व्हेप किंवा सिगारेट ओढलीस? शाळा सुटल्यावर घरी मोठं माणूस असतं का? शाळेत कुणी त्रास देतं का, आणि कुठे? अडचणीत जिच्याशी बोलता येईल अशी एक तरी मोठी व्यक्ती शाळेत आहे का? हा शेवटचा प्रश्न गाळू नका, तो मला सगळ्यांत मोलाचा वाटतो.

नाव, हजेरी क्रमांक, जन्मतारीख काही लिहायचं नाही. मुलं लिहीत असताना शिक्षकांनी बाकांमधून फिरायचं नाही, दाराशी उभं राहायचं. कागद मुलांनी स्वतः लिफाफ्यात घालून पेटीत टाकायचा. वर्गनिहाय निकाल जाहीर करू नका, कारण लहान वर्गात ‘दोघं’ म्हटलं की कोण ते सगळ्यांना कळतं. मदतीला कुणाकडे जायचं ते शेवटी ठळक छापा. मुलं खरं लिहितात का याची काळजी वाटत असेल तर एक जुनी युक्ती आहे. युरोपातल्या शाळकरी मुलांच्या मोठ्या पाहणीत पदार्थांच्या यादीत ‘रेलेव्हिन’ हे एक बनावट नाव घालत. जो पदार्थ अस्तित्वातच नाही तो घेतल्याचं लिहिणारे किती, यावरून बाकीच्या उत्तरांवर किती विसंबायचं ते ठरतं. तुम्हीही एखादं नाव स्वतः रचून घाला.

आणखी एक प्रश्न घाला : ‘तुझ्या वर्गातल्या दहा मुलांपैकी किती जण व्हेप ओढत असतील?’ मुलांचा अंदाज जवळपास नेहमीच खऱ्यापेक्षा जास्त निघतो. तो आणि खरा आकडा त्यांच्यासमोर फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. ‘तुम्हाला वाटतं दहातले पाच, तुमचीच उत्तरं सांगतात दहातला एकही नाही’ हे बघून वर्गात जी शांतता पसरते, ती मी पाहिली आहे. खरा आकडाच मोठा निघाला, तर मात्र तो असा मिरवू नका. तो मुख्याध्यापकांपुढे आणि पालकांपुढे ठेवा.

आठवड्याची ती एक तासिका व्याख्यानात घालवू नका, सरावाला द्या. नाही म्हणणं हे सायकल चालवण्यासारखं आहे, ऐकून येत नाही. दोघांना पुढे बोलवा. एकाने आग्रह करायचा, दुसऱ्याने टाळायचं. पहिल्या फेरीत मुलं पाठ केल्यासारखं ‘नको, आरोग्याला वाईट असतं’ म्हणतील आणि सगळे हसतील. मग विचारा, ‘खऱ्या आयुष्यात असं कोण बोलतं?’ तिथून खरी तासिका सुरू होते. एका वर्गात एका मुलीने सांगितलं, ‘मी म्हणते, मला खोकला आहे, आणि विषय बदलते.’ दुसरा म्हणाला, ‘मी जागाच बदलतो, पाणी प्यायला जातो.’ तिसऱ्याने बराच वेळ विचार करून विचारलं, ‘पण तो माझा एकुलता एक मित्र असेल तर?’ या प्रश्नावर पुढची आख्खी तासिका द्यावी, इतका तो खरा आहे. आग्रह करणाऱ्याची भूमिका कुणाला दिलीत याकडे लक्ष ठेवा. नेहमी दादागिरी करणाऱ्यालाच ती देऊ नका. आणि हे एका महिन्यात आटोपू नका. पुढच्या वर्षी याच मुलांना पुन्हा उजळणी हवी, नाहीतर शिकलेलं विरतं.

पालकांचा धसका मला समजतो. त्यांच्यावर चिडू नका. पालकसभेत त्यांना एक गोष्ट सांगा. युरोपातल्या दहा देशांत, 168 शाळांमधल्या 11,110 मुलांवर एक मोठी चाचणी झाली, तिचे निकाल 2015 साली आले. तीन पद्धती तपासल्या : शिक्षकांना धोका ओळखायचं प्रशिक्षण, तज्ज्ञांकडून मुलांची चाचपणी, आणि थेट मुलांनाच मानसिक आरोग्याबद्दल बोलतं करणं. तिसऱ्या पद्धतीत चार आठवड्यांत मिळून पाचेक तास, बराचसा वेळ नाट्यछटांना. वर्षभरानंतर या मुलांमध्ये आत्महत्येचे नवे प्रयत्न 0.70 टक्के होते, आणि ज्यांना फक्त माहितीचे फलक दाखवले होते त्यांच्यात 1.51 टक्के. म्हणजे निम्म्याहूनही कमी! विषय काढल्याने विचार येत असते तर आकडा वाढला असता. शिक्षकांचं प्रशिक्षण आणि तज्ज्ञांची चाचपणी यांनी तेवढा फरक पडला नाही, हेही पालकांना मोकळेपणाने सांगा. मुलांशी मुलांच्याच भाषेत बोलण्याला पर्याय नाही हे त्यातून त्यांच्या लक्षात येईल. मात्र हे तास प्रशिक्षित माणसानेच घ्यावेत. आरोग्य विभागाकडे असं माणूस मागा. आणि तास सुरू होण्याआधी, एखादं मूल रडत बाहेर आलं तर ते कुणाकडे जाणार हे ठरलेलं असू द्या.

तपासण्यांबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण अहवालात रकाना असेलच, म्हणून लिहिते. एका शाळेत मी मुलांचे डोळे तपासले. सातवीतल्या एका मुलीला फळ्यावरचं काही दिसत नव्हतं. चिठ्ठी लिहून दिली, ‘नेत्रतज्ज्ञांना दाखवा’. पुढच्या वर्षी त्याच शाळेत गेले, ती आठवीत होती, नजर आणखी उतरलेली. विचारलं, तर तिने कंपासपेटीचं झाकण उघडलं आणि आतून चौकोनी घडी काढली. माझीच चिठ्ठी. घड्यांवर विरलेली, माझं अक्षर पुसट झालेलं. घरी दाखवली होती, पण चष्मा कुठून आणि कशाने आणायचा याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. तिने ती वर्षभर जपून ठेवली होती, कारण डॉक्टरांनी दिलेला कागद टाकू नये असं तिला वाटलं.

पुढे सोय नसेल तर तपासणी करू नये, हे तत्त्व जागतिक आरोग्य संघटनेसाठी विल्सन आणि युंगनर यांनी 1968 सालीच लिहून ठेवलं आहे. तेव्हा विभागाला ‘किती मुलं तपासणार’ हे विचारण्याआधी, दोष निघालेल्या मुलाचा चष्मा किंवा उपचार कोण देणार, आणि तो मिळाल्याचं तीन महिन्यांनी कोण तपासणार, हे लेखी विचारा. नजरेच्या बाबतीत एक गोष्ट शाळेच्या हातात आहे : मुलांना उजेडात बाहेर काढणं. चीनमधल्या ग्वांगझू इथे काही शाळांनी रोजच्या वेळापत्रकात 40 मिनिटांची मैदानावरची तासिका वाढवली. तीन वर्षांत लांबचं न दिसण्याचा दोष नव्याने जडण्याचं प्रमाण तिथे 30.4 टक्के राहिलं, बाकीच्या शाळांत ते 39.5 टक्के होतं. खेळाची तासिका गणितासाठी मागून घेता का हो तुम्ही? घेत असाल तर परत देऊन टाका.

राहिली संमतीपत्रकं. परत न आलेलं पत्रक म्हणजे नकार नव्हे, आणि होकारही नव्हे. ते दप्तराच्या तळाशी चुरगळलेलं असतं, किंवा घरी वाचणारं माणूस नसतं, किंवा एकच शंका असते जी कुणाला विचारावी कळत नाही. तीन याद्या करा : हो, नाही, आणि कळलं नाही. तिसऱ्या यादीतल्या प्रत्येक घरी फोन करा, मुलाच्या हाती दुसरं पत्रक द्या, आणि फोनवर ‘पाठवा’ म्हणण्याआधी ‘काही विचारायचं आहे का?’ म्हणा. ‘नाही’ म्हणणाऱ्यांशी वाद घालू नका. त्यांची विभागातल्या डॉक्टरांशी गाठ घालून द्या आणि निर्णय त्यांचा राहू द्या.

पत्रकं एचपीव्ही लशीची, म्हणजे गर्भाशयमुखाचा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूवरच्या लशीची असतील, तर सर्वांत जास्त शंका त्याच लशीबद्दल येतील : एवढ्या लहान वयात कशाला? उत्तर असं की विषाणूशी गाठ पडण्याआधी दिली तरच ती पुरतं काम करते. स्कॉटलंडने 2008 साली शाळांमधून ही लस द्यायला सुरुवात केली. बारा-तेराव्या वर्षी लस घेतलेल्या मुली मोठ्या झाल्यावर त्यांच्या नोंदी तपासल्या, तर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची एकही रुग्ण त्यांच्यात सापडली नाही. हे 2024 साली प्रसिद्ध झालं. शाळेतल्या एका टेबलावर, रांगेत उभं राहून घेतलेल्या सुईमुळे झालेलं हे काम आहे. वीस वर्षांत मी याहून मोठं काही पाहिलेलं नाही, म्हणून त्या निम्म्या पत्रकांसाठी तुम्ही फोन करावेत अशी माझी मनापासून विनंती आहे.

एकदम सगळं अंगावर घेऊ नका. पहिल्या सत्रात पाहणी आणि संमतीपत्रकं, दुसऱ्या सत्रात सरावाच्या तासिका आणि पाहणीत सर्वांत वर आलेली एकच गोष्ट. ती व्हेप नसेलही. कदाचित झोप निघेल, कदाचित स्वच्छतागृहाच्या कोपऱ्यात होणारी दादागिरी निघेल, आणि मग उपाय म्हणजे मधल्या सुट्टीत तिथे एक शिक्षक उभा करणं, इतका साधा असेल. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात तीच प्रश्नावली पुन्हा द्या. मुख्याध्यापकांना चित्रफितीऐवजी अहवालात घालायला काहीतरी लागेल, तर दोन वर्षांचे दोन आकडे शेजारी शेजारी घाला. विभागातल्या लोकांना तेच हवं असतं आणि फार थोड्या शाळांकडून मिळतं.

प्रश्नावलीचा मसुदा तयार झाला की पाठवा, मी वाचून देईन. आणि त्या मुलीला भेटलात एवढंच कळवा. ती काय म्हणाली ते मलाही सांगू नका.